इजिप्तमध्ये नव्यानं राहायला येताय? वर्षभराचे सण आणि सुट्ट्या कशा सांभाळायच्या

२०२५च्या जुलैमधली गोष्ट. २३ जुलै हा इजिप्तचा राष्ट्रीय दिवस, १९५२च्या क्रांतीचा. त्या वर्षी बुधवार आला होता. मी शहाण्यासारखी घरी बसले आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी आठच्या ठोक्याला कागदपत्रांची फाइल घेऊन एका सरकारी कचेरीत हजर झाले. फाटक बंद. रखवालदार चहा पीत होता. म्हणाला, "अगाझा." म्हणजे सुट्टी. मी म्हटलं, सुट्टी तर काल होती. तो हसला. काल कचेरी चालू होती, सुट्टी सरकवून आज ठेवली होती. पुढे शुक्रवार-शनिवार. काम गेलं रविवारवर, आणि हे कैरोत चार वर्षं काढल्यावर! नवरा तेव्हा भारतात होता आणि मी घरून पुण्याच्या कंपनीचं काम करते, त्यामुळे इथल्या सुट्ट्या मला ऑफिसातून कोणी कळवत नाही.

तुमचं असं होऊ नये म्हणून हे लिहितेय. नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा जोडीदाराबरोबर पहिल्यांदाच येणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून क्रमानं सांगते.

एक गोष्ट सुरुवातीलाच. इथला आठवडा रविवारी सुरू होतो. शुक्रवार-शनिवार सरकारी कचेऱ्या आणि बँका बंद. आपल्या रविवारच्या आळसाची सवय मोडायला मला सहा महिने लागले.

१. भिंतीवर एक नाही, तीन कॅलेंडरं आहेत असं समजा

इजिप्तचं वर्ष तीन कालगणनांवर चालतं. पगार, शाळा, बँका इंग्रजी तारखेवर. मुस्लिम सण हिजरी चांद्रवर्षावर. ख्रिस्ती सण आणि जुन्या वळणाच्या शेतकऱ्याची पेरणी-कापणी कॉप्टिक, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या, सौरवर्षावर. कालनिर्णय बघत लहानाचे मोठे झालेल्यांना हे अवघड जायचं कारण नाही. तिथीनं येणारी दिवाळी आणि सूर्यावर चालणारी संक्रांत आपण एकाच पानावर बघतोच की.

फरक एकच, पण मोठा. आपल्या पंचांगात दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येतो आणि चांद्रवर्ष पुन्हा ऋतूंशी जुळतं, म्हणून दिवाळी कधी उन्हाळ्यात येत नाही. हिजरी वर्षात अधिक महिना नाही. त्यामुळे ईद, रमजान, मौलिद (पैगंबरांचा जन्मदिन) हे सगळं दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतं आणि सुमारे तेहतीस वर्षांत पूर्ण चक्कर मारतं. २०२५मध्ये रमजान १ मार्चला लागला. तुमच्या मुलांना तो थंडीतला सण वाटेल, तुमच्या घरमालकाला मात्र ऑगस्टच्या उन्हातले पंधरा तासांचे रोजे आठवत असतील.

त्यात शेवटचा निर्णय चंद्राचा. महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्रकोर दिसली की नाही, हे 'दार अल-इफ्ता' ही संस्था जाहीर करते. तोपर्यंत ईद उद्या की परवा हे कोणालाच माहीत नसतं. २०२५मध्ये दुबईत रमजान ईद ३० मार्चला झाली आणि कैरोत ३१ला. माझा दुबईतला मावसभाऊ शीरखुर्म्याचे फोटो पाठवत होता तेव्हा आमच्या इमारतीत सगळ्यांचा रोजा चालू होता. नेटवरच्या यादीतली हिजरी तारीख म्हणजे अंदाज. परत न करता येणारं विमानाचं तिकीट त्या भरवशावर काढू नका.

(मुंबईतले दाऊदी बोहरा चंद्राची वाट न बघता गणिती पंचांगावर चालतात, म्हणून त्यांचा रमजान एखाद-दोन दिवस आधीच लागतो. त्या पंचांगाला ते 'मिस्री' म्हणतात. मिस्र म्हणजे इजिप्तच. कैरोत मुइझ्झ रस्त्यावरच्या अल-हाकिम मशिदीचा जीर्णोद्धार याच समाजानं केला, आणि तिथे गुजरातीमिश्रित बोली कानावर पडली की मला भेंडी बाजारात आल्यासारखं वाटतं.)

कॉप्टिक वर्षात तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच किंवा सहा दिवसांचा एक चिमुकला महिना असतो. त्याचं नवं वर्ष, नैरूझ, ११ सप्टेंबरला येतं, कधी कधी १२ला. शक इसवी सन २८४पासून मोजतात, रोमन सम्राट डायोक्लेशियन गादीवर आला त्या वर्षापासून. त्याच्या छळाची आठवण म्हणून त्याला 'हुतात्म्यांचा शक' म्हणतात. नैरूझला लाल खजूर आणि पेरू खातात. हवामानाच्या गप्पा मात्र धर्म कोणताही असो, याच महिन्यांच्या नावानं चालतात. फेब्रुवारीत धुळीचा वारा सुटला की आमचा भाजीवाला म्हणतो, "अमशीर आहे." मार्च-एप्रिलमधल्या बरमहात महिन्यासाठी म्हण आहे: "बरमहात, रूह इल-गेत व-हात", म्हणजे शेतात जा आणि घेऊन ये, पीक तयार आहे. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती'च्या घराण्यातलीच ती.

२. पक्क्या तारखा लिहून ठेवा, पण पेन्सिलीनं

तारखेनं ठरलेल्या सरकारी सुट्ट्या अशा:

- ७ जानेवारी: कॉप्टिक ख्रिसमस
- २५ जानेवारी: २०११च्या क्रांतीचा आणि पोलिसांचा दिवस
- २५ एप्रिल: सिनाई मुक्तिदिन (१९८२)
- १ मे: कामगार दिन
- ३० जून: २०१३च्या उठावाचा दिवस
- २३ जुलै: १९५२ची क्रांती
- ६ ऑक्टोबर: सेनादिन, १९७३च्या युद्धाची आठवण

चंद्रावर चालणाऱ्या चार: रमजान ईद, बकरी ईद (आदल्या अरफाच्या दिवसासकट), हिजरी नवं वर्ष आणि पैगंबरांचा जन्मदिन. शिवाय ईस्टरवर अवलंबून असलेला शम्म इन-नसीम हा वसंताचा सण.

आता सापळा. २०२०पासून मंत्रिमंडळ आठवड्याच्या मध्ये येणारी सुट्टी उचलून बहुधा गुरुवारवर नेतं, म्हणजे लोकांना सलग तीन दिवस मिळतात. दोन्ही ईदा आणि शम्म इन-नसीम मात्र हलवत नाहीत. घोषणा अनेकदा थोडेच दिवस आधी होते. म्हणून सुट्टीच्या आठवड्यात कचेरीत जाण्याआधी बातमी बघा किंवा इमारतीच्या बव्वाबला विचारा. बव्वाब म्हणजे आपला वॉचमन, पण त्याहून बरंच काही. सुट्टी, पाणी जाणार असल्याची वर्दी, कोणाच्या मुलीचं लग्न, त्याला सगळं ठाऊक असतं.

भारतीय वकिलातीचं काम असेल तर तिची सुट्ट्यांची यादी वेगळी बघा. तिथे भारतातल्या सुट्ट्याही असतात.

३. रमजानसाठी घड्याळ लावून घ्या

रमजान ही सुट्टी नाही, पण अख्खा महिना देश वेगळ्या तालावर चालतो. कचेऱ्या उशिरा उघडतात, लवकर मिटतात, आणि बँकेचं काम सकाळीच उरकावं लागतं. दुपारी तीननंतर कोणालाही महत्त्वाचा फोन करू नका. उपाशीपोटी, त्यातही सिगारेटविना असलेल्या माणसाशी घरभाड्याचा वाद घालायचा नसतो.

संध्याकाळचा मगरिब, म्हणजे रोजा सुटण्याची वेळ, मोबाइलमध्ये घालून ठेवा. त्याआधीचा एक तास रस्त्यावर यायचं नाही. सगळा कैरो एकाच वेळी घरी पळत असतो आणि गाड्या जशा चालवतात ते बघवत नाही. मग बांग होते आणि पाच मिनिटांत शहर रिकामं. तुम्ही त्या वेळी टॅक्सीत अडकलात तर सिग्नलला पोरं खिडकीतून खजूर आणि सरबताचा पेला देतील. घ्या. पैसे विचारू नका.

दिवसा रस्त्यावर खाल्लं-प्यायलं म्हणून परदेशी माणसाला सहसा कोणी अडवत नाही, पण बस-मेट्रोत पाण्याची बाटली तोंडाला लावणं बरं दिसत नाही. बरीच छोटी हॉटेलं दिवसा बंदच असतात. डबा न्या आणि आडोशाला खा. मद्याची दुकानं महिनाभर जवळपास बंद असतात.

रात्री मात्र शहर जागं. गल्लोगल्ली फानूस टांगलेले, पत्र्याचे आणि रंगीत काचांचे. आकाशकंदिलांची आठवण येऊन माझा पहिला रमजान थोडा रडवेलाच गेला. फानूस घ्यायचा तर मॉलमध्ये जाऊ नका, सय्यिदा झैनब भागात जा. तिथेच सुकामेवा मिळतो; रमजानच्या या सुक्यामेव्याला 'यामीश' म्हणतात. कुनाफा आणि कतायफ या गोड पदार्थांच्या दुकानांपुढे रांगा लागतात. कतायफ म्हणजे सुक्यामेव्याचं सारण भरलेली, तळून पाकात बुडवलेली छोटी घडी. करंजीची पाकातली बहीण म्हणा.

पहाटे ढोलकं वाजवत कोणी हाका मारत गेला तर घाबरू नका. तो मसहराती, सहरीच्या जेवणासाठी उठवणारा. जुन्या वस्त्यांत तो घरातल्या मुलांची नावं घेऊन हाका मारतो. आपल्या वासुदेवासारखाच, फक्त मोरपिसांची टोपी नाही. महिन्याच्या शेवटी त्याला काही द्यायचं असतं.

रस्त्याच्या कडेला मांडलेली लांबलचक टेबलं दिसतील. त्यांना 'माइदत अर-रहमान' म्हणतात. येईल त्याला फुकट जेवण. बोलावलं तर बसा. पण ती मुळात गरजूंसाठी आहेत, फोटो काढण्यासाठी नाहीत.

आणि इथला सर्वांत महत्त्वाचा शब्दप्रयोग: "बाद इल-ईद." ईदनंतर. प्लंबर, वकील, गाडीचा मेकॅनिक, सगळ्यांचं उत्तर एकच. रमजानच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू केलेलं कुठलंही काम ईदच्या आत संपलेलं मी पाहिलेलं नाही.

४. दोन ईदा: सुट्टे पैसे आणि रिकामे डबे तयार ठेवा

रमजान ईद साधारण तीन दिवसांची. सकाळचा ईदचा नमाज मोकळ्या मैदानात होतो, मुलांच्या अंगावर नवे कपडे आणि हातात फुगे. आदल्या आठवड्यात घराघरांत कहक बनतात. पिठीसाखरेत घोळलेले, आत खजूर किंवा अक्रोड-मधाचं सारण. सोबत घुरय्येबा, जी डोळे मिटून खाल्ली तर नानकटाईच. शेजारच्या हाज्जा (वयस्कर बाईंना इथे मानानं असं म्हणतात) सांगतात की पूर्वी बायका कहकचे पत्रे डोक्यावर घेऊन गल्लीतल्या भट्टीवर भाजायला न्यायच्या आणि तिथे नंबरावरून भांडणं व्हायची. माझी आजी बेकरीत नानकटाई भाजून आणायची, तिथलीही कथा हीच. शेजारून कहकची बशी येईल, ती रिकामी परत करू नका. मी शंकरपाळे पाठवले होते. पुढच्या वर्षी हाज्जांनी आधीच विचारलं, "यंदा ते चौकोनी कधी?"

शुभेच्छांचं एकच वाक्य पाठ करा, ते सगळ्या सणांना, वाढदिवसालाही चालतं: पुरुषाला "कुल सना व-इन्ता तय्यिब", बाईला "कुल सना व-इन्ती तय्यिबा". वयानं किंवा मानानं मोठ्या पुरुषाला उत्तर देताना "व-हदरितक तय्यिब", बाईला "व-हदरितिक तय्यिबा".

या वाक्याचा दुसरा अर्थ मात्र पुस्तकात नसतो. बव्वाब, कचरेवाला, डिलिव्हरीचा मुलगा, पार्किंग दाखवणारा 'सायस', हे सगळे ईदच्या आधी अचानक भेटून फार प्रेमानं "कुल सना व-इन्ता तय्यिब" म्हणतात आणि जागचे हलत नाहीत. पहिल्या वर्षी मीही तितक्याच प्रेमानं उत्तर देत होते आणि कोणी हलेना. ते पोस्त मागत होते! मुलांना आणि अशा लोकांना देण्याच्या या पैशाला ईदेय्या म्हणतात. कोऱ्या नोटा देण्याची पद्धत आहे. दहा, वीस, पन्नासच्या नोटा दहा दिवस आधीच जमवा. ईदच्या तोंडावर एटीएमपुढे रांग असते.

बकरी ईद मोठी, सुट्टीही मोठी. हाजचे यात्रेकरू अरफाच्या मैदानावर उभे असतात तो दिवस, 'वक्फा', हाही सुट्टीचा. आधी दोन आठवडे फुटपाथवर मेंढ्यांचे कळप बांधलेले असतात आणि रात्री गच्चीवरून आवाज येतात. कुर्बानी कत्तलखान्यातच करावी असा नियम आहे, तरी अनेक गल्ल्यांत ती दारातच होते. तुम्ही शाकाहारी असाल, घरात लहान मुलं असतील, तर ईदच्या पहिल्या सकाळी दहा-अकरापर्यंत बाहेर पडू नका. गाड्यांवर आणि भिंतींवर रक्ताचे पंजे उमटवलेले दिसतील. नजर लागू नये म्हणून करतात. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी जिन्यावरूनच परत फिरले. यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त आधी माहीत असावं.

मांसाचे वाटे करायची रीत आहे: एक घरात, एक नातेवाइकांत, एक गरिबांना. शेजारी तुमच्याकडेही पाठवतील. खात नसाल तर "मी खात नाही" असं दारातच सांगून प्रेमाचा विचका करू नका. घ्या, आभार माना आणि बव्वाबच्या घरी पोहोचवा, त्यांना आनंदच होतो. खात असाल तर फत्ता चुकवू नका: भाजलेली पोळी, भात, लसूण-व्हिनेगरचा टोमॅटो रस्सा आणि वर मांस. गाय-म्हैसही कुर्बानीत असते, तेव्हा ज्यांना पथ्य आहे त्यांनी "बकरीचं की मोठ्याचं" हे आधी विचारावं.

एक गफलत टाळा. भारतात आणि इथे बकरी ईद एकाच दिवशी येईल असं धरू नका. २०२५मध्ये इथे ६ जूनला होती, भारतात ७ला.

५. शम्म इन-नसीम: बाहेर पडा, पण फसीख जपून

माझा सर्वांत आवडता दिवस. कॉप्टिक ईस्टरनंतरचा सोमवार. २०२५मध्ये २१ एप्रिल, २०२६मध्ये १३ एप्रिल, २०२७मध्ये ३ मे. नावाचा अर्थ वाऱ्याची झुळूक हुंगणं. मुस्लिम, ख्रिस्ती, श्रीमंत, गरीब, सगळे सकाळीच बाहेर पडतात आणि जिथे हिरवळीचा तुकडा दिसेल तिथे चटई टाकतात, रस्त्याच्या दुभाजकावरही. मुळं फारोंच्या काळातल्या वसंताच्या सणात आहेत असं सांगतात. मग ईस्टरशी गाठ कशी? वसंत ऐन उपासाच्या दिवसांत यायचा आणि ख्रिस्ती लोकांना अंडी-मासे चालायचे नाहीत, म्हणून सण उपास सुटल्यानंतरच्या सोमवारी नेला, असं सगळे सांगतात.

चटईवर काय असतं: रंगवलेली उकडलेली अंडी, कांद्याची पात, लेट्युस, तिरमिस नावाच्या पिवळ्या भिजवलेल्या बिया आणि 'मलाना', म्हणजे चक्क हरभऱ्याचे डहाळे. पहिल्या वर्षी कालव्याकाठी कोणीतरी हातात डहाळा दिला आणि मी सोलून खाऊ लागले, तेव्हा त्या कुटुंबाला आश्चर्य वाटलं की या बाईला हे कोणी शिकवलं.

आणि मुख्य पदार्थ फसीख. बोय मासा मिठात मुरवून आंबवतात. वास असा की सुकटीच्या वासात वाढलेल्या माझ्या कोकणी नवऱ्यानंही खिडकी उघडली. दकहलिया प्रांतातलं नबरोह हे गाव फसीखसाठी प्रसिद्ध आहे. कैरोचे शौकीन तिथून मागवतात.

इथे विनोद थांबवते. नीट न मुरवलेल्या फसीखमध्ये बॉट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं आणि त्यानं माणसं दगावलेली आहेत. आरोग्य मंत्रालय दरवर्षी इशारा देतं.

- रस्त्यावरच्या पाटीतून किंवा अनोळखी दुकानातून घेऊ नका.
- गरोदर बायका, लहान मुलं, आजारी आणि वृद्ध यांनी चवीपुरताही खाऊ नये.
- खाल्ल्यानंतर तोंड कोरडं पडलं, एकाचे दोन दिसू लागले, गिळायला किंवा बोलायला जड गेलं, तर घरगुती उपाय न करता थेट मोठ्या हॉस्पिटलात जा आणि 'फसीख' हा शब्द सांगा.

नवख्यानं रिंगा खावा. धुरावलेला हेरिंग मासा, लिंबू आणि कांद्याबरोबर. आग्रह झाला तर "मला रिंगा जास्त आवडतो" म्हणावं. कोणी रागवत नाही.

जायचं कुठे? कैरोतलं अझहर पार्क सुंदर आहे, पण त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. उत्तरेला नाईलवरचे जुने बंधारे, अल-कनातिर, तिथे होडीनंही जाता येतं. सकाळी आठच्या आत निघा. मुलींनी घोळक्यानं जावं, दुपारनंतर गर्दी दाटते आणि छेडछाड होते.

६. कॉप्टिक सण, आणि शाकाहाऱ्यांसाठी एक जादूचा शब्द

कोणी मला हा शब्द पहिल्याच आठवड्यात सांगायला हवा होता: सियामी. म्हणजे उपासाचं. कॉप्टिक ख्रिस्ती वर्षातले दोनशेहून अधिक दिवस उपास करतात आणि त्यात मांस, दूध, तूप, अंडी काहीच चालत नाही. त्यामुळे बेकऱ्यांत सियामी बिस्किटं, हॉटेलांत सियामी पदार्थ मिळतात. "मी व्हेजिटेरियन" असं सांगितलं की वेटर चिकन सूप आणतो. त्याच्या लेखी चिकन म्हणजे 'लहमा', अर्थात मांस, नव्हे. "सियामी" म्हटलं की स्वयंपाकघराला नेमकं कळतं. फक्त काही उपासांत मासा चालतो, तेव्हा जोडीला "मिन घेर समक", मासा नको, हे सांगा. ईस्टरआधीच्या पंचावन्न दिवसांच्या मोठ्या उपासात मासाही नसतो. तो काळ आपल्यासाठी पर्वणी.

ख्रिसमसची मुख्य प्रार्थना ६ जानेवारीच्या रात्री. आधीचे त्रेचाळीस दिवसांचे उपास मध्यरात्रीच्या सुमारास सुटतात. ऑफिसातल्या ख्रिस्ती सहकाऱ्यांना ७ला शुभेच्छा द्या, २५ डिसेंबरला नाही. बघायला जायचं असेल तर ओळखीच्या कुटुंबाबरोबर जा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. चर्चबाहेर पोलीस असतात, झडती होते, मोठ्या कॅथीड्रलला निमंत्रण लागतं. ईस्टर रविवारी येतो. तो सर्वांना सुट्टीचा नसतो, पण ख्रिस्ती कर्मचारी नसतील हे धरून चाला.

१९ जानेवारीचा घितास, येशूच्या बाप्तिस्म्याचा सण, ही सुट्टी नसली तरी बाजारात कळतो. सगळीकडे ऊस आणि कुलकास. कुलकास म्हणजे अळूचा कंद! संक्रांतीच्या आठवड्यात ऊस आणि अळकुड्या एकत्र बघून मी दुकानदाराला जवळजवळ तिळगूळ दिला असता. कोथिंबीर-लसूण आणि 'सिल्क' नावाची पालेभाजी घालून हिरवीगार भाजी करतात. कुलकासमधली खाज पाण्यात जाते तसं पापाचं विष बाप्तिस्म्याच्या पाण्यात जातं, असा अर्थ माझ्या कॉप्टिक मैत्रिणीनं सांगितला. खाज घालवायला आपण चिंच-कोकम घालतो हे ऐकून तिनं तो प्रयोग घरी केला. तिच्या सासूला आवडला नाही.

ईस्टरआधीच्या रविवारी चर्चबाहेर खजुराच्या कोवळ्या पात्यांचे विणलेले मुकुट, अंगठ्या, क्रूस विकायला बसतात. पाच मिनिटांत समोर विणून देतात. मुलांना जरूर दाखवा.

७. मौलिद: चिक्की घ्या, जत्रेला पाकीट सांभाळा

पैगंबरांच्या जन्मदिनाआधी तीनेक आठवडे मिठाईच्या दुकानांपुढे मांडव पडतात. आत सिमसिमिय्या, फूलिय्या, हुम्मुसिय्या. नावं कठीण, वस्तू ओळखीची: तिळाची, शेंगदाण्याची, हरभऱ्याची चिक्की. लोणावळ्याची आठवण येणारच. साखरेची बाहुली 'अरूसा', पाठीमागे रंगीत कागदाचे पंखे लावलेली, मुलींना देतात आणि साखरेचा घोडेस्वार मुलांना. आता प्लास्टिकच्या बाहुल्या जास्त दिसतात. खऱ्या साखरेची हवी तर कैरोत बाब अल-बहर भागात विचारा. सुटी मिठाई वजनावर घ्या, सजवलेल्या खोक्यात निम्मे पैसे खोक्याचेच असतात.

'मौलिद' हाच शब्द संतांच्या उरुसालाही आहे. कैरोत हुसैन आणि सय्यिदा झैनब, टांटा शहरात सय्यिद अल-बदवी (हा ऑक्टोबरमध्ये), लक्झरला अबू अल-हज्जाज, ज्यांच्या मिरवणुकीत होड्या ओढत नेतात. ख्रिस्ती मौलिदही असतात, असियूतजवळ द्रोंका इथे ऑगस्टमध्ये मेरीचा. झोके, धिक्र (अल्लाच्या नावाचा सामूहिक जप), ढोल, भाजलेले हरभरे, थेट आपली जत्रा. टांट्याच्या हरभऱ्यांवरून म्हणच आहे: "मौलिदहून हरभऱ्याविना परतला." आपण म्हणतो, हात हलवत आला. तुम्ही पाकिटाविना परतू नका. पैसे पुढच्या खिशात, दागिने घरी, आणि बायकांनी रात्री उशिरा गाभ्याच्या गर्दीत शिरू नये.

मुहर्रमच्या दहाव्या दिवशी 'आशूरा' नावाची वाटी शेजारून आली तर ती गव्हाची खीर आहे. गुळाऐवजी साखर, वर सुकामेवा.

८. सुट्टी नसलेले, पण लक्षात ठेवायचे दिवस

२१ मार्चला इथला मातृदिन. मुस्तफा आणि अली अमीन या पत्रकार भावांनी १९५६मध्ये सुरू केलेला. त्या दिवशी घरकाम करणाऱ्या ताईला आणि मुलांच्या शिक्षिकेला भेट द्यायची पद्धत आहे. फुलवाले भाव चढवतात.

२२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला अबू सिंबेलच्या मंदिरात उगवता सूर्य गाभाऱ्यापर्यंत पोहोचतो आणि चारपैकी तीन मूर्तींवर पडतो. चौथी मूर्ती, प्ताह देवाची, अंधारातच राहते. कोल्हापूरचा किरणोत्सव पाहिलेल्यांनी तर जावंच. पण अस्वानमधली खोली काही महिने आधी बुक करा आणि मध्यरात्रीनंतर लगेच निघायची तयारी ठेवा.

९. मोठ्या सुट्टीच्या दहा दिवस आधी हे उरका

- रेसिडेन्सीची मुदत तपासा. ईदच्या आठवड्यात संपत असेल तर आधीचीच वेळ घ्या.
- पासपोर्ट आणि रेसिडेन्सी कार्डाच्या दोन-दोन झेरॉक्स. शहराबाहेर जाताना मूळ पासपोर्ट जवळ हवाच, रस्त्यात तपासणी नाके असतात.
- रेल्वेची तिकिटं विक्री सुरू झाल्याच्या दिवशीच. अप्पर इजिप्तकडच्या, म्हणजे दक्षिणेच्या, गाड्या सर्वांत आधी भरतात, कारण कैरोतले अर्धे बव्वाब तिकडचे.
- त्यावरून आठवलं: बव्वाब आणि कामवाली ईदला गावी जातात. पिण्याच्या पाण्याचे जार, गॅस, जिन्याची किल्ली, सगळं त्यांच्याकडून आधीच समजून घ्या. ईदेय्या ते निघायच्या आधी द्या, परत आल्यावर नाही.
- रोख पैसे, लहान नोटांसकट.
- समुद्राकडे, ऐन सुखना किंवा उत्तर किनाऱ्याला जायचं असेल तर गुरुवारी दुपारी निघू नका. शुक्रवारी पहाटे निघालेला माणूस बहुतेक वेळा आधी पोहोचतो.
- भारतातल्या ऑफिसला कळवा की ईद तारखेनं नाही, चंद्रावर आहे. माझ्या पुण्याच्या साहेबांना हे पटायला दोन ईदा लागल्या. तिसऱ्या वेळी त्यांनीच मेसेज केला: "चंद्र दिसला का? मग मीटिंग ठेवू की नको?"